व्यक्तिचित्रातले हात: अर्थ कुठून येतो आणि ते बसवायचे कसे

प्रश्न असा आहे: घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं तैलचित्र करायचं आहे. चेहरा जमतो, हातांपाशी घोडं अडतं. जुन्या चित्रांत कुणाचा हात छातीवर, कुणाचा कमरेवर, कुणाचा कोटाच्या आत दिसतो. या प्रत्येक ठेवणीला ठरलेला अर्थ असतो का? आणि आपल्या चित्रात हात ठेवायचे कुठे?

असा ठरलेला कोश नसतो. मूर्तिशास्त्रात तो आहे. अभयमुद्रा कुठल्याही मूर्तीत अभयच सांगते, वरदमुद्रा वरदच. नृत्यातल्या हस्तमुद्रांचे अर्थही ग्रंथांत बांधून दिलेले, मग एकेका मुद्रेला ते अनेक असले तरी. व्यक्तिचित्रात मात्र तोच हात एका शतकात विनय दाखवतो आणि पुढच्या शतकात सत्ता. तिथे आधी पाहायचा तो त्या काळचा रिवाज, मग हातात किंवा हाताखाली असलेली वस्तू, आणि त्या हातावर शरीराचं किती वजन पडलं आहे ते. रिवाज आणि वस्तू वाचून कळतात. वजन डोळ्यांनीच पाहावं लागतं, आणि चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

रिवाजाचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे नेपोलियनचा कोटात घातलेला हात. जाक-लुई दाविदने १८१२ मध्ये रंगवलेलं ते चित्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्याचं पोट दुखायचं म्हणून हात तिथे, असं आजही सांगितलं जातं. पण ही ठेवण नेपोलियनच्या जन्माआधीपासून युरोपात रुळलेली होती. १७३७ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या शिष्टाचाराच्या एका पुस्तकात ती सभ्य पुरुषाची उभं राहण्याची रीत म्हणून शिकवली आहे, आणि तिचा भाव दिला आहे तो विनयाने आवरलेल्या धिटाईचा. म्हणजे सम्राटाला दाविदने त्या काळच्या कुठल्याही भल्या गृहस्थासारखं उभं केलं. चित्रातली घड्याळाची वेळ, विझत आलेल्या मेणबत्त्या आणि टेबलावरचे कागद सोबत पाहिले की अर्थ पुरा होतो: हा माणूस रात्रभर कामात होता. एकटा हात इतकं सांगू शकला नसता.

एल ग्रेकोचा छातीवर हात ठेवलेला सरदार (सुमारे १५८०, माद्रिदचं प्रादो संग्रहालय) हे दुसरं उदाहरण. छातीवरचा हात शपथेचा किंवा सच्चेपणाचा, इथवर ठीक. पण त्याचं मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटलेली आहेत, आणि त्यावरून गुप्त खुणांच्या पुष्कळ गोष्टी रचल्या गेल्या. बोटांची हीच मांडणी त्या शतकातल्या इतर चित्रकारांकडेही सर्रास दिसते. कारण साधं आहे. चार बोटं सारख्या अंतराने पसरली की हात दाताळ्यासारखा दिसतो. मधली दोन जोडली की एक, दोन, एक असा ठेका येतो आणि हात नाजूक वाटतो. चित्रकाराने सौंदर्यासाठी घेतलेला निर्णय आणि व्यक्तीविषयीचं विधान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर जुन्या चित्रांचं वाचन भरकटतं.

उमरावांची चित्रं करणाऱ्या व्हॅन डाइकच्या बाबतीत हा धोका फारच मोठा आहे. लांबसडक, अलगद लोंबणारी बोटं पाहून आपण म्हणतो, काय खानदानी हात आहेत! पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या माहितीप्रमाणे तो बसलेल्या व्यक्तीवर एका वेळी तासाभरापेक्षा जास्त काम करत नसे, आणि हातांसाठी त्याने पगारी स्त्री-पुरुष मॉडेल ठेवले होते. त्या हातांवरून त्या उमरावाचा स्वभाव वाचायला गेलो तर आपण भलत्याच माणसाचा स्वभाव वाचत असू. त्यातून वाचायचा तो त्या वर्गाचा आपल्याविषयीचा आदर्श: हात श्रमाचे नसावेत.

कमरेवरचा हात म्हणजे खरं तर कोपराची गोष्ट. होल्बाइनने १५३७ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं भित्तिचित्र केलं. मूळ चित्र १६९८ च्या आगीत गेलं, प्रती उरल्या. पाय फाकवून, दोन्ही कोपरं बाहेर काढून तो उभा आहे आणि चौकट जवळपास भरून टाकतो. फ्रान्स हाल्सच्या १६२४ च्या हसऱ्या सरदाराचं कोपर तर थेट आपल्या अंगावर येतं. सोळाव्या-सतराव्या शतकात असं कोपर सैनिकाचं, सत्ताधाऱ्याचं मानलं जाई, आणि स्त्रियांच्या चित्रांत ते क्वचितच दिसतं. आज कमरेवर हात ठेवून कुणी बसलं तर एवढा सगळा अर्थ निघत नाही, पण कोपर जागा अडवतं हा परिणाम मात्र टिकून आहे. दंड आणि धड यांच्यामध्ये तयार होणारा रिकामा त्रिकोण हाच त्या ठेवणीचा प्राण. तो बुजवला की कमरेवरचा हात लगेच दुखऱ्या कमरेवरचा हात दिसायला लागतो.

आपल्याकडच्या परंपरेत हिशेब वेगळा होता. मुघल दरबारी चित्रांत व्यक्ती बहुधा एकचष्म, म्हणजे पूर्ण बाजूने दाखवलेली. बादशहासमोर उभ्या असलेल्या माणसाचे हात पुढे एकावर एक, आवरलेले. शाहजादा किंवा बादशहा स्वतः मात्र अंगठा आणि दोन बोटांत फूल किंवा रत्न धरतो. अबुल हसनने १६१६-१७ च्या सुमारास रंगवलेल्या शाहजादा खुर्रमच्या हातात पगडीत खोवायचा रत्नजडित दागिना आहे. त्या हाताला दुसरं काहीच काम नाही आणि तोच त्याचा दर्जा. मराठी बैठकीत लोड, तक्क्या आणि मांडी यांनी ठेवण ठरते. जेम्स वेल्सने १७९२ मध्ये पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना रंगवलं, तेव्हा युरोपीय तैलरंगाला या बैठकीशी जुळवून घ्यावं लागलं. पुढे एकोणिसाव्या शतकात खुर्ची, गोल टेबल आणि त्यावर टेकलेला हात आपल्या घरांतल्या भिंतींवर आला तो फोटो स्टुडिओतून. कॅमेऱ्याची काच काही सेकंद उघडी राहायची, हात हलला तर पुसट यायचा, म्हणून हाताला टेबल आणि डोक्यामागे लोखंडी आधार. म्हणून आजोबांच्या फोटोतलं टेबलावरचं पुस्तक पाहून ते विद्वान होते असं ठरवायची घाई नको. पुस्तक बऱ्याचदा स्टुडिओचंच असे.

आता हाताची घडी. शरीरभाषेची लोकप्रिय पुस्तकं सांगतात की घडी म्हणजे बचाव. स्वामी विवेकानंदांचा सप्टेंबर १८९३ मधला शिकागोचा फोटो समोर ठेवा. घडी आहे, पण पाठ ताठ, छाती उघडी आणि नजर दूर. बचाव कुठेच दिसत नाही, दिसतो तो निश्चय. खांदे पुढे वळले असते आणि हनुवटी खाली असती तर तीच घडी बचावाची झाली असती. बाबासाहेबांच्या पुतळ्यांतल्या बोटाचंही तसंच. संसदेच्या आवारातला ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला, १९६७ मध्ये उभा राहिलेला पुतळा घ्या. उगारलेलं बोट एरवी दटावणीचं वाचलं जातं. इथे हात पुढे पसरलेला आहे आणि दुसऱ्या हातात छातीशी संविधान. ग्रंथ जवळ आणि बोट दूर, या दोन हातांमधल्या अंतरामुळे ती दटावणी न राहता दिशा होते. एका हाताचा अर्थ दुसरा हात ठरवतो, हे याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

आता तुमच्या चित्राकडे. पहिला निर्णय आकाराचा, कारण हात कुठे ठेवायचे हे कॅनव्हासच ठरवतो. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात ३० × २५ इंचांचं चित्र डोकं-खांद्यांचं मानलं जाई आणि ३६ × २८ इंचांच्या मापात एक हात बसे. नेलर या चित्रकाराने एका क्लबच्या सभासदांची चित्रं याच मापात केली आणि मापाला त्या क्लबचंच नाव पडलं. त्यामागचं गणित आजही उपयोगी आहे. प्रौढ माणसाचं डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत साधारण ९ इंच आणि बैठकीची उंची ३४ इंचांच्या आसपास. हुबेहूब मापात रंगवलं, वर ४ इंच मोकळे सोडले, तर ३६ इंचांत मांडीवरचे हात मावत नाहीत. ते कडेला अर्धवट कापले जातात आणि चित्र मोठं पडल्यासारखं वाटतं. डोकं साडेसात इंचांचं घ्या. मग बैठक सुमारे २८ इंच होते, वरचे ४ धरून ३२, आणि हातांखाली ४ इंच श्वास घ्यायला उरतात. डोकं मोठंच हवं असेल तर हात वर आणा: खुर्चीच्या हातावर, छातीपाशी, काठीवर. चौकटीची कड मनगटावर, कोपरावर किंवा गुडघ्यावर येऊ देऊ नका. सांध्यावर कापलेला अवयव तुटल्यासारखा दिसतो. कापायचंच असेल तर सांध्यांच्या अधेमधे कापा.

दुसरा निर्णय वजनाचा. ठेवलेला हात आणि टेकलेला हात यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खुर्चीच्या हातावर खरोखर टेकलेल्या हाताचं मनगट किंचित मागे वाकतं, तळव्याची कड चपटी होते, त्या बाजूचा खांदा थोडा वर चढतो. नुसता ठेवलेला असेल तर यातलं काहीच होत नाही आणि हात वस्तूसारखा पडून राहतो. मोनालिसात उजवा हात डाव्या मनगटावर अलगद आहे, पण डावा खुर्चीच्या हाताला धरून आहे. एक टेकू, एक विसावा. स्त्रीने हात एकावर एक ठेवावेत हा त्या काळचा शालीनतेचा रिवाज लिओनार्दोने पाळला, पण खालच्या हाताला काम देऊन. काठीवर दोन्ही हात ठेवलेल्या आजोबांमध्ये हाच नियम लावा. काठी किंचित तिरकी, खांदे वर, खालच्या हाताच्या बोटांची पकड घट्ट. काठी सरळ आणि खांदे सैल असतील तर ती काठी कुणीतरी हातात दिलेली दिसते.

म्हणूनच हातात वस्तू द्यायची तर त्या माणसाची रोजची द्या. चष्मा, जपमाळ, अडकित्ता, मिटलेलं वर्तमानपत्र. ती वस्तू धरायची सवय बोटांना आधीच असते आणि ती सवयच चित्रात उतरते. पुस्तक असेल तर पानांत बोट अडकवून धरायला सांगा. ब्रॉन्झिनोच्या १५३० च्या दशकातल्या एका तरुणाच्या चित्रात असं पुस्तक आहे आणि दुसरा हात कमरेवर. वाचन क्षणभर थांबलं आहे असा अर्थ त्यातून निघतो, आणि चित्रकाराचा फायदा असा की बोटं आपोआप वेगळी होतात. नऊवारी किंवा सहावारीतल्या स्त्रीला पदराची कड धरायला सांगितलं तर हात सहज पडतो. मात्र पदर खांद्यावरून खरोखर सरकेल इतका सैल हवा, नाहीतर बोटं कापडावर चिकटवल्यासारखी दिसतात. सावळाराम हळदणकरांच्या दिवा धरलेल्या स्त्रीच्या जलरंगात, जो म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, एका हातात दिवा आणि दुसऱ्याचा ज्योतीला आडोसा. दोन्ही हातांना खरं काम, म्हणून कुठेही पोझ दिल्याचा भास नाही.

नमस्काराची ठेवण शक्यतो टाळा असं मी म्हणेन. दोन हात आरशातल्यासारखे सारखे, बरोबर मध्यावर, आणि नजर समोर. चित्र फलकासारखं सपाट होतं. घरच्यांचा आग्रहच असेल तर धड सुमारे ३० अंश वळवा, हात छातीच्या मध्यापासून थोडे खाली आणि एका बाजूला घ्या, चेहरा समोर ठेवा. एका हाताची पूर्ण पाठ आणि दुसऱ्याची फक्त बोटांची टोकं दिसली की सारखेपणा मोडतो.

बसवण्याची रीत अशी. खुर्ची हाताची, बैठक १७-१८ इंचांची, फार मऊ नको. गादीत रुतलेला माणूस पाऊण तासात दोन इंच खचतो आणि सगळी मापं चुकतात. गुडघे एका दिशेला, धड त्याहून कमी वळलेलं, चेहरा पुन्हा तुमच्याकडे. तिन्ही एकाच दिशेला असतील तर पासपोर्टचा फोटो होतो. हात ठेवायला सांगू नका, कारण सांगितल्याबरोबर बोटं ताठतात. दहा मिनिटं गप्पा मारा, मग थोडं आराम करा म्हणा, आणि त्या क्षणी हात जिथे पडतील ती जागा पकडा. खुर्चीचे पाय आणि पावलं यांच्याभोवती खडूने खुणा करा, हाताच्या जागी कागदी चिकटपट्टी लावा. २० मिनिटं बैठक, ५ मिनिटं विश्रांती. सत्तरी ओलांडलेल्यांना १५ मिनिटंच. हात हृदयाच्या खाली बराच वेळ राहिला की शिरा फुगतात आणि रंग काळपट-लाल होतो. अर्धा मिनिट हात डोक्याच्या वर धरायला सांगा, शिरा बसतात. नाहीतर पहिल्या तासाचा हात आणि तिसऱ्या तासाचा हात दोन वेगवेगळ्या माणसांचे होतात.

फोटोवरून काम असेल तर एक गोष्ट फार जपा. चेहरा कॅमेऱ्यापासून १०० सेंमी आणि पुढे आलेला हात ७० सेंमीवर असेल, तर हात चेहऱ्याच्या मानाने सुमारे ४३ टक्के मोठा येतो. मोबाइलवर जवळून काढलेल्या बहुतेक फोटोंत हेच झालेलं असतं. चेहऱ्यापासून २५० सेंमीवर जाऊन झूम करा. हात २२० सेंमीवर राहतो आणि फरक १४ टक्क्यांवर येतो. डोळ्याला तेवढा चालतो.

काढायला बसल्यावर बोटांपासून सुरुवात केली की संपलंच. एकेक बोट वेगळं काढत गेलं तर भेंड्यांची जुडी तयार होते. आधी मनगटाचा ठोकळा आणि त्याची दिशा. मग बोटं न दाखवता संपूर्ण हाताचा एकच आकार, लहान मुलांच्या हातमोज्यासारखा. त्यावर पेरांच्या मुळांची कमान. ती सरळ रेषा कधीच नसते, करंगळीकडे उतरते. मग अंगठ्याची पाचर, जी पंज्याच्या पातळीतून बाजूला वळलेली असते. बोटं सगळ्यात शेवटी आणि तीही गटाने: तर्जनी वेगळी, उरलेली तीन एकत्र, असं पुष्कळदा पुरतं. माप चेहऱ्यावरून घ्या. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत येते. डोकं साडेसात इंचांचं असेल तर हात सुमारे सहा इंच. डोळ्याचं लक्ष चेहऱ्याकडे असल्यामुळे हात लहान काढण्याकडे आपला कल असतो, म्हणून हे माप दर वेळी तपासा. पंज्याची रुंद पाठ सरळ प्रेक्षकाकडे आली तर चेहऱ्याएवढाच मोठा उजळ ठिपका तयार होतो. हात थोडा फिरवून करंगळीची किंवा अंगठ्याची कड पुढे आणा.

रंगाबद्दल युरोपीय पुस्तकांतला एक सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. तिथे पेरं आणि बोटांची टोकं लालसर करायला सांगतात, कारण गोऱ्या त्वचेत रक्त वरून दिसतं. सावळ्या आणि गव्हाळ हाताची पेरं लाल होत नाहीत, ती जास्त गडद, थोडी राखट तपकिरी असतात. बर्न्ट अंबरमध्ये किंचित अल्ट्रामरीन पुरतो. लाली असते ती नखांखाली आणि तळव्याच्या कडेला, जिथे त्वचा एकदम फिकी होते. तिथे यलो ऑकर, व्हाइट आणि अगदी थोडा लाइट रेड. पाठ आणि तळवा यांच्या सीमेवरचा हा रंगबदल नीट पकडला की हात जिवंत होतो. तो चुकला की हातमोजा घातल्यासारखा दिसतो.

उजेडाचा तोल चेहऱ्याच्या बाजूने राहू द्या. दिवा चेहऱ्यापासून ४ फूट आणि हातापासून ६ फूट असेल तर हातावर चेहऱ्याच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश पडतो, सुमारे ४४ टक्के. डोळा हे भरून काढतो, म्हणून आपण हात उगाच उजळ रंगवतो. डोळे बारीक करून पाहा आणि हात चेहऱ्यापेक्षा एक पायरी खाली ठेवा. कडा मऊ, आणि ठळक उजेड एकाच ठिकाणी: अंगठ्याच्या नखावर, किंवा असेल तर अंगठीवर.

चित्र पुरं होत आल्यावर चेहरा कागदाने झाका आणि फक्त हात पाहा. त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणाला तरी दाखवा. कुणाचे हात, वय काय, काम काय, याचा अंदाज आला तर हात बसले. नाही आला तर बोटं दुरुस्त करत बसू नका. चूक जवळपास नेहमी मनगटाच्या कोनात किंवा कोपराच्या जागेत असते. हात मनगटापर्यंत खरवडून काढा आणि कोपरापासून पुन्हा मांडा.